नाक्यापलीकडचं कुंकू

परवा फोनवर तुमच्यातली थोरली सांगत होती की तिच्या साबणाच्या छोट्या कारखान्यात वर्षाच्या सुरुवातीला फळ्यांवर जेवढा माल असेल, त्यावर कर भरावा लागतो. विकला गेलेला नसला तरी. वर म्हणाली, "आजी, हे तुला नाही कळायचं." फोन ठेवल्यावर मी खिडकीशी बसले आणि डोळ्यांपुढे हळदीची बारीक धूळ तरंगायला लागली. ती खाली बसेना, म्हणून तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहायला घेतलं.

मी साताऱ्याची. माझे वडील शाळेत इंग्रजी शिकवत आणि आमचं घर घड्याळावर चाले. मीही इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि साठच्या दशकात लग्न होऊन सांगलीला आले. सांगलीच्या घरातही घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. तिथे वेळ रंगावरून कळायची. मागच्या अंगणात तांब्याच्या मोठ्या परातींत हळकुंडांच्या चकत्या लिंबाच्या रसात भिजत असत. रसात सवागी, म्हणजे टाकणखार, आणि तुरटी पडली की पिवळा रंग हळूहळू जड होत जाई. झोपेतून उठून बाहेर यावं तर परात केशरी झालेली असे. पुन्हा यावं तर विटकरी. मग सावलीत वाळवण, मग जातं, मग वस्त्रगाळ, आणि शेवटी मुठीत धरलं तर बोटांच्या ठशांसकट तसंच राहणारं कुंकू. बाजारात आमच्या घराला कुंकवाचा कारखाना म्हणत. कारखाना म्हणजे तेवढंच अंगण, एक जातं आणि दळण-चाळण करणाऱ्या दोन बायका.

आणि माझ्या सासूबाई. म्हणजे तुमची पणजी. कुंकवाचा रंग त्या ठरवत. डाव्या तळहातावर चिमूट घ्यायची, तिळाच्या तेलाचा थेंब टाकून अंगठ्याने चोळायची आणि मागच्या दारात उजेडाला उभं राहायचं. एकदा बघायचं, डोळे मिटायचे, मग पुन्हा बघायचं. "पहिल्यांदा डोळा लाडात येतो," त्या म्हणत. दुसऱ्या नजरेला जो दिसे तो खरा रंग. कधी म्हणत, अजून वीट आहे. कधी म्हणत, गुंज झाली, काढा. मी लग्नानंतर पहिले काही महिने त्यांच्या शेजारी उभी राहून डोळे मिटत असे, आणि मिटलेल्या पापण्यांआड मला सगळीकडे नुसतं लाल दिसे, कोवळ्या उन्हात दिसतं तसं.

त्यांचं स्वतःचं कपाळ मात्र मोकळं होतं. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण त्या काळी नवरा गेलेल्या बाईने कुंकू लावायचं नाही, दुसऱ्या बाईला लावायचं नाही, शुभकार्यात पुढे यायचं नाही, असं होतं. मग तिने केलेलं कुंकू दुसरीने लावावं का, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नव्हता, कारण कुंकू कोण करतं हे बाजारात कुणाला माहीतच नव्हतं. गिऱ्हाईक पुढच्या खोलीत बसे. तुमचे आजोबा पुड्या दाखवत. रंग तेच ठरवतात असा सगळ्यांचा समज होता आणि त्यांनी तो मोडला नाही. गल्लीतल्या बायकांना खरं ठाऊक होतं. पण गल्लीला ठाऊक असणं वेगळं आणि बाजाराला ठाऊक असणं वेगळं. बाजारात कळलं असतं तर माल परत आला असता, आणि माल परत आला असता तर सासूबाईंचे हात रिकामे झाले असते. मला त्यातलं दुसरं जास्त भीतीचं वाटे. तांब्याच्या पराती उठल्या तर ही बाई दिवसभर काय करील, हे माझ्या डोळ्यांपुढे येत नसे.

आता कराचं सांगते. गावात शिरणाऱ्या मालावर तेव्हा जकात असे. प्रत्येक रस्त्यावर नाका, तिथे आडवा बांबू, टपरीवजा खोलीत एक कारकून. हळद नाक्यातून आत आली की तिच्यावर जकात, लिंबं आली की लिंबांवर, सवागी आली की सवागीवर. अजून कुंकवाचा कण तयार झालेला नसे, पण पैसे गेलेले असत. कुंकू एकदम खपे ते संक्रांतीला, चैत्रात, श्रावणात, नवरात्रात. मधल्या दिवसांत ते डब्यांत नुसतं बसून राही, आणि आमचा पैसा त्याच्या पोटात. मोठे व्यापारी आपली हळद नाक्याबाहेरच ठेवत आणि बाहेरच्या बाहेर परगावी विकत. त्यांच्यातल्या कुणी माल आत आणून पुन्हा बाहेर पाठवला तर भरलेली जकात परत मागता येई, पण माल आला तसाच बाहेर गेला पाहिजे. आमचा कुठे तसाच जाणार?

मी एकदा परताव्यासाठी चांगल्या इंग्रजीत अर्ज केला. तो घेऊन स्वतः नाक्यावर गेले. कारकून भला माणूस होता. त्याने अर्ज दोनदा वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि म्हणाला, "वैनी, आत गेलं ते पिवळं. बाहेर निघालंय लाल. हे तेच हाय असं मी कशाच्या जोरावर लिहू?" त्याचं चुकत नव्हतं. पुढे साताऱ्याच्या नाक्यावर त्या लालावर पुन्हा जकात लागे ती वेगळीच.

यावर तुमच्या आजोबांनी उपाय काढला तो असा, की हळद लागेल तशी आणायची. एकेक पोतं. पैसे अडकत नव्हते, आणि ते खुशीत होते. पण त्या उपायाने रंग बिघडला. सांगते म्हटलं तरी बाहेरच्याला पटणार नाही, पण जकातीने आमच्या कुंकवाचा रंग बदलला.

त्याचं कारण जमिनीखाली होतं. सांगलीची हळद नाक्यापलीकडे, हरिपूरच्या बाजूला पेवांत ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठं अशी विहिरीसारखी खोली. आत पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंड मातीने लिंपून बंद करायचं. वर गुरं चरत, पोरं खेळत, आणि खाली हळद निजलेली असे. त्या मातीत ओल धरत नाही आणि कीड जगत नाही, म्हणून ती कितीही महिने तशीच राही. पण पेवाची एक रीत होती. एकदा तोंड फोडलं की सगळं पेव रिकामं करायचं. अर्धं ठेवता येत नाही, आत वारा शिरला की राहिलेली हळद बिघडते. त्यामुळे एकेक पोतं घेणाऱ्याला ज्या दिवशी ज्याचं पेव फुटलं असेल त्यातलं पोतं मिळे. आज काळ्या रानातलं, उद्या माळावरचं, परवा नदीकाठचं. प्रत्येक हळद सवागीला वेगळं उत्तर देई. सासूबाई दारात उभ्या राहून डोळे मिटत, उघडत, पुन्हा मिटत. लिंबू वाढवत, तुरटी कमी करत. एके दिवशी त्या तळहात धुऊन आत आल्या आणि तुमच्या आजोबांना म्हणाल्या की मला एका पेवाची हळद दे, नाहीतर हे बंद कर.

थोड्याच दिवसांत साताऱ्याचा दुकानदार तेच म्हणाला. तो आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक, कोरेगाव, रहिमतपूरपर्यंत त्याच्या दुकानातून आमचं कुंकू जाई. बायका पुडी उघडून बघतात, मागच्यासारखं नाही म्हणून परत करतात, संक्रांतीचा माल असाच आला तर मी दुसरीकडे बघीन, असा निरोप त्याने पाठवला.

एक अख्खं पेव विकत घ्यायला आजोबा तयार होते. पण ते सगळं एकदम नाक्यातून आणायचं म्हणजे सगळी जकात एकदम. तेवढी ताकद आमच्यात नव्हती. तेव्हा ज्यांच्याकडून आम्ही हळद घेत असू त्या जैन व्यापाऱ्यांनी तोड सुचवली. गोरे, ठेंगणे, सूर्यास्ताआधी जेवायला घरी पोचायची ज्यांना कायम घाई असे, असे ते गृहस्थ. पुढच्या खोलीत बसून म्हणाले, "हळद आत आणायचीच कशाला? कुंकूच बाहेर करा की. माझी शेड हाय पेवांपाशी, मोकळीच पडलीया. तितनं परस्पर साताऱ्याला धाडा." मग आतल्या दाराकडे बघून जरा आवाज चढवून म्हणाले, "काय आक्का?" आत कोण ऐकतंय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यांचे नमुने परत पाठवणारं माणूस कोण, हे त्यांनी कधीच ओळखलं होतं.

तोड बरोबर होती, हे सगळ्यांना दिसत होतं. पण ती शेड हरिपूरच्या रस्त्याला लागून, तिन्ही बाजूंनी उघडी. येणारा-जाणारा प्रत्येक गाडीवान, देवाला जाणारी प्रत्येक सवाष्ण आत बघणार. घरातल्या अंगणाला भिंती होत्या आणि त्या भिंतींच्या आत सासूबाई त्या कुंकवाच्या राणी होत्या. आता जकात त्यांना भिंतीबाहेर काढू बघत होती.

रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, की तिथे उजेड कुठून येतो. आजोबा म्हणाले, सगळीकडून.

दिवाळी होऊन जमीन वाळल्यावर आमचं पेव फोडलं. ती सकाळ मला अजून स्वप्नासारखी दिसते. नदीवरून धुकं आलेलं आणि ते जमिनीला टेकून सरकत होतं, त्यामुळे माणसं गुडघ्यापर्यंत नाहीशी झालेली. पेवाच्या तोंडाशी हळदकुंकू वाहून नारळ फोडायची रीत होती. ते मी केलं. सासूबाई लांब बाभळीखाली उभ्या राहिल्या. मी वाहिलेलं कुंकू त्यांचंच होतं. मग हमालांनी लिंपण फोडलं आणि सगळे मागे सरले, कारण आत कोंडलेली हवा माणसाला गिळते. तोंड उघडं टाकून वाट बघायची, कंदील सोडायचा, तो विझला नाही तर माणूस उतरायचा. आम्ही वाट बघत असताना त्या भोकातून वास वर आला. हळदीचा, पण नुसता हळदीचा नाही. उन्हाळ्याचा. मार्च महिन्यात वाळवलेल्या हळकुंडांत जे ऊन शिरलं होतं, ते थंडीत जमिनीतून बाहेर येत होतं. सासूबाई बाभळीखालून पुढे आल्या. कुणाच्या लक्षात यायच्या आत त्या अगदी तोंडाशी बसल्या होत्या आणि डोळे मिटून श्वास घेत होत्या. मी इतक्या सुखात त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

शेडमध्ये पराती मांडल्या, जातं आलं, दोघी बायका आल्या. रस्त्याच्या बाजूला आजोबांनी गोणपाटाचा पडदा बांधला, आणि सासूबाई त्याच्यामागे बसू लागल्या. रोज पहाटे टांग्याने जायचं, दिवस मावळताना परत. पहिल्याच परातीत मागचा रंग आला. पण एक कटकट झाली. घरी रंग बघून झाला की त्या आत जाऊन हातपाय, तोंड धूत. कपाळावर चुकून कण राहिलेला त्यांना चालत नसे. इथे पाणी लांबच्या आडावर, आणि वारा तिन्ही बाजूंनी. घाम पुसायला मनगट कपाळावरून फिरलं की तिथे लाल पट्टा उमटे. पहिले काही दिवस त्या पुन्हा पुन्हा पदर ओला करून पुसत. मग पुसणं कमी झालं. शेडमध्ये आरसा नव्हता, आणि आम्ही कुणी काही बोललो नाही.

दुसरी कटकट पडद्याची. गोणपाटातून गाळून येणारा उजेड तपकिरी. रंग बघायला त्यांना पडद्याबाहेर यावं लागे, आणि रस्त्यावर कुणी नाही असं बघून त्या घाईघाईने बघत. डोळे मिटायला वेळ मिळत नसे. "चोरासारखा रंग बघतेय मी," असं एकदा त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

संक्रांत जवळ आली तशी साताऱ्याचा दुकानदार स्वतः माल बघायला आला. पुढच्या खोलीत बसवून पुड्या दाखवायची सोय आता नव्हती. आजोबा माल न्यायच्या गाडीची व्यवस्था करायला गेले होते. तो सरळ शेडवर आला, आणि बरोबर त्याची आई. कोरेगावकडची म्हातारी, उंच, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा खाटेवर आहे, त्याच्यासाठी संगमावरच्या देवाला नवस बोलायला आले, असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं. पोरगा पुड्या उघडून बघत होता, तोवर ती कुणाला न विचारता पडदा बाजूला सारून आत शिरली. बायकाच बसल्यात म्हटल्यावर तिला कसली आडकाठी?

ती सासूबाईंच्या समोर बसली. माल हाताळला, बोटांत चोळला, नाकाशी नेला. हे मागच्यासारखं आलं, मधी काय झालतं, असं विचारलं. सासूबाईंनी तिला पेवाचं सांगितलं, रानाचं सांगितलं. दोघींचं बोलणं असं रंगलं की मी चहा ठेवायचा विसरले. मग म्हातारी निघाली. निघताना बाईमाणसाला कुंकू लावायची आपली पद्धत. मी करंडा घेऊन पुढे झाले, पण ती माझ्याकडे न बघता सासूबाईंपुढे वाकली. सासूबाईंच्या कपाळावर, बरोबर मधोमध, सकाळपासूनचं लाल होतं.

"तुमच्या हातनं लावा," ती म्हणाली. "एवढं गुणाचं करताय."

सासूबाईंचा हात कुंकवाच्या परातीत होता. तो तिथेच राहिला. एका क्षणात हे मिटवता आलं असतं. लावलं असतं तर कुणाला कळणार होतं? जात्यापाशी बसलेल्या बाईने दळणं थांबवलं.

"मला लावता येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "हे कपाळावरचं उडालेलं आहे. मी नुसती करते."

म्हातारी वाकलेली होती ती सरळ झाली. बाहेर तिच्या मुलाच्या हातातल्या पुडीचा कागद वाजायचा थांबला. त्याने ऐकलं होतं. मला साताऱ्यातलं त्याचं दुकान दिसायला लागलं, परत आलेल्या पुड्यांचा ढीग दिसायला लागला, आणि रिकाम्या पराती.

"कवापासनं करताय?" म्हातारीने विचारलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून. ते गेले त्याच्यानंतरही."

"म्हंजी माझ्या कपाळावर तुमचंच हाय की."

"तुमच्या दुकानातलं लावत असाल तर माझंच."

म्हातारीने परातीकडे बघितलं. खाटेवरच्या नवऱ्याचा विचार करत होती की काय, मला ठाऊक नाही. तिच्या जागी मी असते तर तोच केला असता. मग ती पुन्हा खाली बसली आणि म्हणाली, "हात म्होरं करा." सासूबाईंनी परातीतला हात काढून पुढे केला. म्हातारीने त्यांच्या तळहातावरचं कुंकू स्वतःच्या बोटाने उचललं आणि स्वतःच्या कपाळावर लावलं. जुन्यावर नवं. "आता रीतबी मोडली न्हाई आन माजंबी झालं," असं म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

बाहेर मुलगा कुरकुरला. चार लोकांत कळलं तर गिऱ्हाईक तुटंल, असं काहीसं तो हलक्या आवाजात म्हणाला. त्यावर ती म्हणाली, "तुझ्या लग्नातलं हेच व्हतं रं. तुझं काय तुटलं?" तो हसला नाही. पण माल त्याने घेतला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. गोष्ट फुटलीच. रस्त्यावरच्या शेडमधली गोष्ट किती दिवस झाकून राहणार? रहिमतपूरच्या दोन दुकानांनी त्या चैत्रात माल घेतला नाही आणि पुढेही कधी घेतला नाही. सांगलीतली एक दूरची नातेवाईक आमच्याकडे हळदीकुंकवाला यायची बंद झाली. साताऱ्याचा दुकानदार मागवत राहिला, थोडं कमी, पण मागवत राहिला, आणि आजोबांनी तेवढ्यात भागवलं. पेव रिकामं झालं तसं दुसरं अख्खं घेतलं, त्याच रानाचं.

ती दोघं गेली त्या दुपारी मात्र कुणाला हे काही ठाऊक नव्हतं. धूळ खाली बसायची होती. माझ्या हातात करंडा तसाच होता. सासूबाई उठल्या, रस्त्याच्या बाजूला गेल्या, आणि गोणपाटाच्या पडद्याची दोरी सोडायला लागल्या. गाठ घट्ट बसली होती, म्हणून मला म्हणाल्या, "धर इकडून." मी धरलं. पडदा खाली आला, आणि नदीकडचं सगळं ऊन एकदम आत शिरलं, पराती पेटल्यासारख्या झाल्या.

"आई, लोक बघतील," मी म्हटलं.

"बघू देत. उजेड अडत होता."

मग त्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डाव्या तळहातावर चिमूट घेतली, तेलाचा थेंब टाकला, अंगठ्याने चोळलं. समोरून एक बैलगाडी येत होती, गाडीवान मान वळवून बघत होता. त्यांनी एकदा बघितलं आणि डोळे मिटले. गाडी शेडसमोरून गेली, तिची घुंगरं लांब पोचली, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. पहिल्या दिवसापासून राहिलेला सगळा वेळ त्या आज घेत होत्या.